नॅट किंग कोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅट किंग कोलपर्यंत लोक साधारण तीन वाटांनी येतात. कुणी नाताळातल्या त्या एका गाण्यामुळे, कुणी ‘अनफर्गेटेबल’मुळे, तर कुणी सिनेमात मागे वाजणारा त्याचा स्पॅनिश आवाज ऐकून. तिन्ही वाटा चांगल्याच, पण तिन्ही घराच्या मागच्या दाराशी नेतात. पुढच्या दारात पियानो ठेवलेला आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून त्या पियानोपाशी येतात, त्याला इलाज नाही.

नॅट किंग कोल नेमका कोण?

अमेरिकी गायक आणि जाझ पियानोवादक. खरं नाव नथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स. जन्म १७ मार्च १९१९, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीचा. वडील एडवर्ड बाप्टिस्ट धर्मोपदेशक, आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पियानोचे पहिले धडे तिच्याकडूनच मिळाले. नॅट साधारण चार वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला गेलं. दक्षिणेतली जाचक वर्णव्यवस्था मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं तेव्हा उत्तरेची वाट धरत होती, त्यांतलंच हे एक. घरात एडी, आइक आणि फ्रेडी हे तिघे भाऊही संगीतातच गेले. नॅटचं पहिलं ध्वनिमुद्रण १९३६चं आहे. ते थोरल्या एडीच्या नावावर चालणाऱ्या बँडबरोबर, डेका कंपनीसाठी केलेलं, आणि त्यात तो फक्त पियानो वाजवतो.

मग ‘किंग’ कुठून आलं?

इंग्रजीत ‘ओल्ड किंग कोल’ नावाचं जुनं बालगीत आहे. आडनावातला शेवटचा ‘स’ गळाला, कोल्सचा कोल झाला, आणि लॉस एंजेलिसच्या क्लबवाल्यांना आयती गंमत सापडली. पुढे त्याच्या पियानो-गिटार-बेसच्या त्रिकुटाचं नावच ‘किंग कोल ट्रिओ’ पडलं.

शिकागोचा मुलगा कॅलिफोर्नियात कसा पोचला?

‘शफल अलाँग’ या गाजलेल्या संगीत नाटकाचे पुन्हा प्रयोग लागले होते, त्या दौऱ्याबरोबर तो पियानोवादक म्हणून निघाला. १९३७ मध्ये दौरा लाँग बीचला येऊन बंद पडला. कंपनीतल्याच नर्तिका नदीन रॉबिन्सनशी त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. परत जाण्याऐवजी दोघं तिथेच राहिले आणि हा मिळेल त्या क्लबमध्ये पियानो वाजवू लागला.

तो मुळात पियानोवादक होता की गायक?

पियानोवादक. आणि साधासुधा नव्हे.

शिकागोत शाळकरी वयात तो ग्रँड टेरेस या क्लबच्या बाहेर उभा राहून अर्ल हाइन्सचा पियानो ऐकायचा. हाइन्सचा उजवा हात ट्रम्पेटसारखा बोलायचा. एकेक सूर सुटा, टोकदार, गर्दीतूनही वर येणारा. कोलने ती रीत उचलली, पण तिच्यातला आवेश काढून टाकला. त्याचा डावा हात फार कमी बोलतो. उजव्या हाताची ओळ स्वच्छ असते आणि दोन वाक्यांच्या मधे तो हवा खेळू देतो. त्रिकुटातल्या ऑस्कर मूरची गिटार त्या मोकळ्या जागेत शिरते, पुन्हा बाहेर येते, आणि ऐकणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही की आत्ताचा सूर कुणाचा होता.

पियानो, गिटार आणि बेस अशी ही रचना पुढे पायंडा ठरली. आर्ट टेटमसारख्या अफाट वादकाने १९४३ मध्ये तसंच त्रिकूट काढलं. ऑस्कर पीटरसनचं पन्नाशीच्या दशकातलं गाजलेलं त्रिकूटही याच घाटाचं. रे चार्ल्स सुरुवातीच्या काळात गाण्यात आणि वाजवण्यात इतका कोलसारखा होता की त्या तबकड्या आज ऐकताना हसू येतं. पियानोवादक बिल इव्हान्सनेही कोलचं ऋण मान्य केलं आहे.

आता गाण्याकडे या. कोल ओळीच्या शेवटी शब्द ताणत बसत नाही. तो शब्द नीट खाली ठेवतो आणि पुढचा उचलायला थोडा वेळ घेतो. तालाच्या किंचित मागे राहतो, पण तोल जात नाही. ही सवय पियानोची आहे. गाणारा आणि साथ करणारा माणूस एकच असेल, तर पुढची मोकळी जागा कुठे येणार हे गळ्याला आधीच ठाऊक असतं. पुढे तो पियानोवरून उठून माईकपुढे उभा राहिला आणि मागे चाळीस व्हायोलिनं आली, तरी ती जागा सोडण्याची अक्कल त्याच्याबरोबर आली. माझ्या मते त्याच्या गाण्याचं सगळं रहस्य एवढंच आहे.

त्रिकुटात ड्रम का नाहीत?

ठरलेला ड्रमवाला पहिल्या रात्री आलाच नाही, अशी गोष्ट सांगतात. तो ली यंग होता म्हणे, आणि गंमत म्हणजे पन्नाशीच्या दशकात हाच ली यंग कोलचा नेहमीचा ड्रमर झाला. गोष्ट खरी असो वा नसो, ड्रम नसल्यामुळे बेसवर ताल धरण्याची सगळी जबाबदारी आली. ती आधी वेस्ली प्रिन्सने आणि १९४२ पासून जॉनी मिलरने पेलली.

कुणा दारुड्याने हट्ट धरला म्हणून तो गायला लागला, हे खरं का?

गोष्ट अशी : क्लबमध्ये एक गिऱ्हाईक हटून बसलं की ‘स्वीट लोरेन’ गाऊन दाखव, आणि त्या रात्री जगाला गायक मिळाला. ऐकायला झकास आहे. स्वतः कोलने मात्र फार साधं सांगितलं होतं. त्रिकूट मुळात वाद्यांचंच होतं, सतत वाजवून एकसुरी होऊ नये म्हणून तो मधेमधे चार गाणी म्हणायचा, आणि लोक हळूहळू तीच जास्त मागू लागले. ‘स्वीट लोरेन’ त्याने १९४० मध्ये डेकासाठी ध्वनिमुद्रित केलं. ते आजही टवटवीत आहे.

‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ हे गाणं त्याचंच का?

त्याचंच, आणि मूळ कल्पना वडिलांच्या प्रवचनातली. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून हवेत नेतं आणि वरून खाली टाकून खातं. माकड मात्र शेपटी त्याच्या मानेभोवती आवळतं आणि सरळ उडायला सांगतं. कृष्णवर्णीयांच्या लोककथांतली ही गोष्ट. ती कुणाबद्दल आहे, हे चर्चमध्ये बसलेल्यांना वेगळं सांगावं लागत नसे.

तंगीच्या दिवसांत कोलने या गाण्याचे हक्क प्रकाशक अर्व्हिंग मिल्सला ५० डॉलरला विकून टाकले होते, म्हणून श्रेयनामावलीत मिल्सचंही नाव दिसतं. ध्वनिमुद्रण झालं ३० नोव्हेंबर १९४३ रोजी. तारखेला महत्त्व आहे. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकी वादक संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. कॅपिटॉल ही तेव्हा जेमतेम वर्षाची छोटी कंपनी होती. तिने कोलंबिया आणि व्हिक्टर या बड्या कंपन्यांच्या आधी संघटनेशी समझोता केला आणि नव्या गाण्यांसाठी आसुसलेल्या बाजारात हे गाणं उतरवलं. ते धो धो चाललं. पैशाचा मोठा वाटा अर्थातच ५० डॉलर देणाऱ्याकडे गेला.

कॅपिटॉलच्या इमारतीला ‘नॅटने बांधलेलं घर’ का म्हणतात?

कॅपिटॉल १९४२ मध्ये सुरू झाली. गीतकार जॉनी मर्सर, सिनेनिर्माता बडी डिसिल्वा आणि रेकॉर्डचं दुकान चालवणारा ग्लेन वॉलिक्स या तिघांनी ती काढली. कोलच्या तबकड्यांनी तिला उभं केलं. १९५६ मध्ये हॉलिवूडमध्ये वाइन स्ट्रीटवर कंपनीची ती प्रसिद्ध गोल इमारत उभी राहिली, तेव्हा हे टोपणनाव रूढ झालं. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. २४ मार्च १९४५ रोजी ‘बिलबोर्ड’ने अल्बमच्या खपाची पहिली यादी छापली. त्यात पहिल्या क्रमांकावर होता ‘द किंग कोल ट्रिओ’. त्या काळी अल्बम म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा पुस्तकासारखा बांधलेला संच.

क्रूनर कोणाला म्हणतात? कोल त्यात बसतो का?

विजेवर चालणारा माईक येण्याआधी गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. १९२५ च्या सुमारास माईक आला आणि कानाशी बोलावं तसं गाणं शक्य झालं. त्या हळुवार रीतीने गाणाऱ्यांना क्रूनर म्हणू लागले. बिंग क्रॉस्बी त्यांचा अग्रणी.

कोल त्यात बसतो, पण थोडा तिरका बसतो. त्याचा आवाज खर्जाकडे झुकणारा, किंचित धुरकट, कडा नसलेला. शब्दोच्चार मात्र कमालीचे स्पष्ट. हा जोड दुर्मीळ आहे. हळुवार गाणारे बरेच जण शब्द पुसट करतात. कोलच्या गाण्यातला एकही शब्द कानाला हात लावून ऐकावा लागत नाही, आणि तरी तो शब्दांवर कधी बोट ठेवून दाखवत नाही.

‘नेचर बॉय’मागची कथा काय?

इडन आबेझ नावाचा एक लांब केसांचा, दाढीवाला अवलिया लॉस एंजेलिसमध्ये उघड्यावर राहायचा आणि फळं-भाज्या खाऊन जगायचा. आपलं इंग्रजी नाव तो लहान अक्षरांतच लिही, कारण मोठी अक्षरं फक्त देवाला शोभतात असं त्याचं मत. त्याने हे गाणं लिहिलं आणि कोलपर्यंत पोचवलं. ऑगस्ट १९४७ मध्ये फ्रँक डी व्होलच्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण झालं, १९४८ मध्ये तबकडी बाहेर आली आणि आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पुढे यिडिश रंगभूमीवरच्या हर्मन याब्लोकोफ यांनी ही चाल आपल्या जुन्या गाण्याची असल्याचा दावा लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला.

गाणं विचित्र आहे. नाचता येत नाही, गुणगुणायलाही अवघड, आणि चालीत एक पूर्वेकडची उदासी. पण याच तबकडीने गोऱ्या अमेरिकेला कोल ‘गायक’ म्हणून पटला. त्रिकुटाचा शेवट इथून सुरू झाला, असं म्हटलं तरी चालेल. ऑस्कर मूर १९४७ मध्येच गेला होता, त्याच्या जागी अर्व्हिंग अ‍ॅश्बी आला. मिलरनेही १९४८ मध्ये निरोप घेतला. १९५१ च्या सुमारास ‘ट्रिओ’ हे नाव मागे पडलं आणि तबकडीवर फक्त नॅट ‘किंग’ कोल उरला.

‘मोना लिसा’चं संगीत संयोजन कुणाचं?

तबकडीवर लेस बॅक्स्टरचं नाव आहे, काम नेल्सन रिडलचं. रिडल तेव्हा अनामिक होता, दुसऱ्यांसाठी लिहून देत असे. जे लिव्हिंग्स्टन आणि रे इव्हान्स यांनी हे गाणं एका सिनेमासाठी केलं होतं, त्याला १९५० च्या सिनेमांतलं सर्वोत्कृष्ट गीत म्हणून ऑस्कर मिळालं. कंपनीला मात्र त्यावर भरवसा नव्हता, तबकडीच्या मागच्या बाजूला ते ढकललं होतं. तेही आठ आठवडे पहिलं राहिलं. पुढची दहा वर्षं रिडल कोलचा मुख्य संयोजक होता. १९५३ मध्ये फ्रँक सिनात्रा कॅपिटॉलमध्ये आला आणि त्यालाही रिडल मिळाला. जगाला रिडल सिनात्रामुळे ठाऊक आहे, पण हात बसला तो कोलबरोबर.

सिनात्रा मोठा की कोल?

हा वाद मिटणारा नाही आणि मिटवायची गरजही नाही. सिनात्रा गाण्यातलं पात्र होतो. प्रेमभंगाचं गाणं असेल तर प्रेमभंग त्याचाच. कोल गाण्याच्या शेजारी उभा राहून ते तुमच्या हाती देतो. रात्री उशिरा, एकटं असताना सिनात्रा जास्त लागतो हे मान्य. पण एकच अल्बम आठवडाभर रोज ऐकायचा झाला तर मी कोलचा घेईन.

तो जाझ सोडून पैशामागे गेला, असं टीकाकार म्हणतात. ते खरं का?

अर्धं खरं. पन्नाशीच्या दशकात त्याने बेसुमार मधाळ गाणी म्हटली, त्यातली काही मागे कोरस लावून बिघडवलेली आहेत. ती परत ऐकावीत असं मी कुणाला सांगणार नाही. कुटुंब मोठं होतं, खर्च मोठा होता, आणि १९५१ मध्ये आयकराच्या थकबाकीपोटी घर जप्त होण्यापर्यंत वेळ आली होती. लोकप्रिय व्हायचं त्याने ठरवलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण पियानो सुटला हे खोटं. १९४२ मध्ये सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगबरोबर त्याने वाजवलं. २ जुलै १९४४ रोजी लॉस एंजेलिसला ‘जाझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’ची पहिली मैफल झाली, तीत तो होता. गिटारवर लेस पॉल होता, आणि दोघांनी ब्लूजमध्ये एकमेकांना अशी काही सवाल-जवाबाची टोलवाटोलवी दिली की श्रोते वेडे झाले. कॅपिटॉलशी करार असल्यामुळे तबकडीवर त्याचं नाव ‘शॉर्टी नदीन’ असं छापलं गेलं. नदीन म्हणजे पहिल्या बायकोचं नाव! १९४६ मध्ये लेस्टर यंग आणि ड्रमर बडी रिचबरोबर पुन्हा वाजवलं, तेव्हाही टोपणनावानेच.

आणि १९५६ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ ध्वनिमुद्रित केला. जॉन कॉलिन्स, चार्ली हॅरिस आणि ली यंग ही त्याची नेहमीची मंडळी, शिवाय पाहुणे आळीपाळीने : ट्रम्पेटवर हॅरी एडिसन, व्हायोलिनवर स्टफ स्मिथ, अल्टो सॅक्सवर विली स्मिथ, ट्रोम्बोनवर हुआन टिझोल. कोल गातोही आणि वाजवतोही. स्टफ स्मिथबरोबरची गाणी आधी ऐका. व्हायोलिन खरवडतं, पियानो हसतो, आणि आवाज दोघांच्या मधून सहज चालत जातो.

नाताळच्या गाण्याची खरी आवृत्ती कोणती?

मेल टॉर्मे आणि बॉब वेल्स यांनी ‘द ख्रिसमस साँग’ लिहिलं १९४५ च्या रणरणत्या उन्हाळ्यात. टॉर्मे तेव्हा १९ वर्षांचा होता. कोलने ते चारदा ध्वनिमुद्रित केलं. जून १९४६ मध्ये नुसत्या त्रिकुटासह. त्याला त्यात व्हायोलिनं हवी होती, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा. त्या वर्षी बाजारात आली ती ही दुसरी. तिसरं १९५३ चं, नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासह. चौथं १९६१ चं, स्टिरिओ, राल्फ कारमायकेलच्या संचालनाखाली. दुकानांत, विमानतळांवर, सिनेमांत दर डिसेंबरला ऐकू येतं ते चौथं. तिथे आवाज जास्त जाड आणि निवांत आहे. मला दुसरं आवडतं, कारण त्यात त्रिकूट अजून जिवंत आहे आणि व्हायोलिनं अदबीने मागे उभी आहेत.

बर्मिंगहॅमला नेमकं काय झालं?

१० एप्रिल १९५६. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये ब्रिटिश बँडप्रमुख टेड हीथबरोबर कार्यक्रम होता. पहिला खेळ फक्त गोऱ्यांसाठी, दुसरा फक्त कृष्णवर्णीयांसाठी. त्या राज्यात तेव्हा तोच कायदा. पहिल्या खेळात तो गात असताना काही गोरे वर्णद्वेष्टे मंचावर चढले आणि त्यांनी त्याला खाली पाडलं. पोलिसांनी त्यांना पकडलं. पाठीला मार लागलेला कोल परत मंचावर आला, प्रेक्षक बराच वेळ उभे राहून टाळ्या वाजवत होते, पण पुढे गाणं त्याला शक्य नव्हतं. दुसरा खेळ मात्र त्याने केला.

त्या वेळी तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या मॉन्टगोमेरीत, म्हणजे त्याच्या जन्मगावी, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार ऐन भरात होता. त्यामुळे वर्णभेद पाळणाऱ्या सभागृहात कोल गायलाच कसा, यावरून कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी त्याला झोडपलं. क्लबांच्या ज्यूकबॉक्समधून त्याच्या तबकड्या काढल्याच्याही बातम्या आल्या. मार खाल्लेल्या माणसाला दोन्हीकडून ऐकावं लागलं. त्याने ५०० डॉलर भरून एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचं आजीव सदस्यत्व घेतलं. दक्षिणेत तो पुन्हा गायला नाही, असं सांगतात.

तो लढवय्या नव्हता, हे खरंच आहे. पण भित्रा होता असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या घराची गोष्ट आधी वाचावी.

ती घराची गोष्ट काय?

१९४८ मध्ये त्याने आणि दुसरी पत्नी मारिया हिने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्या श्रीमंत वस्तीत घर घेतलं. (मारिया ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गायची. आडनावही एलिंग्टनच, पण नातं काही नाही.) वस्तीतल्या लोकांनी सभा घेऊन त्याला कळवलं की इथे नको असलेली माणसं आम्हाला नकोत. कोलचं उत्तर असं की मलाही नकोत, तसं कुणी दिसलं तर सगळ्यांत आधी मीच तक्रार करीन. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णाच्या आधारावर घरविक्री रोखणारे करार अंमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला होता. कायदा बाजूने होता, शेजारी नव्हते. कुत्र्याला विष घातलं गेलं, हिरवळीवर शिवी जाळून उमटवली गेली. कोल कुटुंब हललं नाही. मरेपर्यंत तेच त्याचं घर होतं.

त्याचा टीव्ही कार्यक्रम बंद का पडला?

‘द नॅट किंग कोल शो’ एनबीसी वाहिनीवर ५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाला. आधी १५ मिनिटांचा, पुढच्या जुलैपासून अर्ध्या तासाचा. टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत तो नव्हे. १९५० मध्ये पियानोवादक हेझल स्कॉट हिचा कार्यक्रम ड्यूमाँट वाहिनीवर झाला होता. योगायोग असा की नॅट-मारियाचं लग्न हार्लेमच्या चर्चमध्ये ज्यांनी लावलं, ते पाद्री आणि खासदार अ‍ॅडम क्लेटन पॉवेल या हेझल स्कॉटचे पती.

कोलच्या कार्यक्रमाला प्रेक्षक होते, पाहुणेही तगडे. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफोंटे, पेगी ली अशी मंडळी किमान मानधनावर येऊन गात होती. देशव्यापी प्रायोजक मात्र मिळाला नाही. न्यूयॉर्क भागापुरती एक बिअर कंपनी पुढे आली, बाकीच्यांना दक्षिणेतल्या गिऱ्हाइकांची धास्ती. शेवटी एनबीसीने वेळ बदलून पुढे चालवायची तयारी दाखवली, तेव्हा कोलनेच नकार दिला. १७ डिसेंबर १९५७ रोजी शेवटचा भाग झाला. जाहिरात कंपन्यांचा पत्ता म्हणजे न्यूयॉर्कचा मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू. तो अंधाराला घाबरतो, असं कोल म्हणाला. त्याच्या गाण्यासारखंच हे वाक्य : आवाज न चढवता नेमक्या जागी ठेवलेलं.

स्पॅनिश येत नसताना स्पॅनिश अल्बम कसे काढले?

उच्चार पाठ करून. ‘कोल एस्पान्योल’ १९५८ चा, त्याचं ध्वनिमुद्रण हवानामध्ये सुरू झालं. तिथल्या ट्रॉपिकाना क्लबमध्ये तो गाऊनही आला होता. पुढे रिओला आणि मेक्सिको सिटीला जाऊन आणखी दोन अल्बम केले. स्पॅनिश जाणणारे त्याच्या उच्चारांना हसतात, पण लॅटिन अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं. वाँग कार-वायच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ या २००० सालच्या सिनेमाने ही गाणी नव्या पिढीपर्यंत नेली. हाँगकाँगचा जिना, पाऊस आणि अलाबामात जन्मलेल्या माणसाचं स्पॅनिश ‘किझास, किझास, किझास’. कागदावर हे जमायला नको, पडद्यावर अगदी जमलं आहे.

रॉक अँड रोलच्या लाटेत तो टिकला का?

टिकला. १९६२ मध्ये ‘रॅम्ब्लिन रोझ’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते जवळजवळ कंट्री ढंगाचं गाणं आहे. पुढच्या वर्षीचं उन्हाळ्याचं गाणं सहाव्यापर्यंत. दोन्ही मला फारशी आवडत नाहीत. त्याच सुमाराचा जॉर्ज शिअरिंगच्या पियानोसोबतचा अल्बम मात्र शोधून ऐकावा. कोलच्या मागे दुसरा कुणी पियानोवर बसलाय आणि तरी कुठेही गर्दी होत नाही.

मृत्यू कसा झाला?

फुप्फुसाच्या कर्करोगाने, १५ फेब्रुवारी १९६५ रोजी, सांता मोनिकाच्या सेंट जॉन्स रुग्णालयात. वय अवघं ४५. मेंथॉलच्या सिगारेटी तो दिवसाला तीन-तीन पाकिटं ओढायचा. धुरामुळे आवाजाला खर्ज येतो असा त्याचा समज होता, असं सांगतात. डिसेंबर १९६४ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही त्याने ‘एल-ओ-व्ही-ई’ या अल्बमची गाणी पुरी केली. त्यांतला उत्साह ऐकून कुणाला शंकाही यायची नाही. जानेवारीत एक फुप्फुस काढलं, पण उशीर झाला होता. ली मार्व्हिन आणि जेन फोंडाचा ‘कॅट बलू’ हा सिनेमा त्याच्यानंतर झळकला, त्यात स्टबी के याच्याबरोबर तो गाणं म्हणत गोष्ट सांगताना दिसतो.

मुलीबरोबरचं ‘अनफर्गेटेबल’ दोघांनी एकत्र गायलं का?

नाही. नॅटली १९५० ची, वडील गेले तेव्हा ती १५ वर्षांची होती. १९९१ मध्ये तिने वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला आपला आवाज जोडला. पुढच्या वर्षी त्याला आणि अल्बमला ग्रॅमीचे मुख्य पुरस्कार मिळाले. चाळीस वर्षं जुन्या गाण्यासाठी गीतकार अर्व्हिंग गॉर्डनलाही. गंमत म्हणजे १९५१ मध्ये हे गाणं पहिल्या दहातही पोचलं नव्हतं.

सुरुवात कुठून करावी?

आधी त्रिकुटाची चाळीसच्या दशकातली गाणी, मग ‘आफ्टर मिडनाइट’. नंतर गॉर्डन जेन्किन्सने संयोजन केलेला १९५७ चा ‘लव्ह इज द थिंग’. त्यातलं ‘स्टारडस्ट’ ध्रुवपदाआधीच्या प्रास्ताविक कडव्यासह ऐका, बरेच गायक ते कडवं गाळतात. संयोजक बिली मेबरोबरचा ‘जस्ट वन ऑफ दोज थिंग्ज’ उडत्या चालीचा आहे. ‘वेलकम टू द क्लब’मध्ये मागे काउंट बेसीचा अख्खा बँड आहे, फक्त बेसी नाही. मन लागलंच तर १९३६ ते १९४३ चा काळ ‘हिटिन द रॅम्प’ या २०१९ च्या संचात एकत्र मिळतो.

भारतात जुन्या तबकड्या मिळतात का?

मिळतात. कॅपिटॉल १९५५ मध्ये ब्रिटनच्या ईएमआयने घेतली आणि आपली एचएमव्ही, म्हणजे ग्रामोफोन कंपनी, तेव्हा त्याच ईएमआयच्या कुटुंबातली होती. त्यामुळे कोलच्या एलपी इथेही निघाल्या. मुंबईत चोर बाजारात हाताला लागतात. वेष्टन पाहून भुलू नका, तबकडी उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा आणि मगच भाव करा.

एकाच गाण्याची दोन-तीन ध्वनिमुद्रणं दिसतात. मूळ कसं ओळखायचं?

गोंधळाचं मुख्य कारण ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ हा १९६१ चा तीन तबकड्यांचा संच. स्टिरिओ आल्यावर कंपनीने त्याची जुनी गाजलेली गाणी त्याच्याकडूनच पुन्हा गाऊन घेतली. पुढच्या अनेक संकलनांत आणि आता ऑनलाइन याद्यांत हीच नवी ध्वनिमुद्रणं बिनदिक्कत जुन्यांच्या जागी येतात. ‘नेचर बॉय’ किंवा ‘मोना लिसा’ उजव्या-डाव्या कानांत वेगवेगळं, लख्ख ऐकू आलं तर ते बहुधा १९६१ चं. मूळ मोनो आहे, सगळे आवाज मधोमध. ‘रूट ६६’ची परीक्षा आणखी सोपी : ते मुळात १९४६ चं त्रिकुटाचं गाणं आहे, त्यामुळे ड्रम ऐकू आले की समजावं, हे नंतरचं.